डबीत पाणी शिरतं कुठनं? खिशातलं सर्व्हायव्हल किट कोरडं ठेवण्याबद्दल

खानापूरच्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलानं विचारलंय: "काका, खिशात मावेल अशा पत्र्याच्या डबीत मी सर्व्हायव्हल किट केलं होतं. काड्या, कापूस, ब्लेड, सुई-दोरा, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या आणि बटण सेलचा एवढासा टॉर्च. झाकणाच्या कडेनं काळ्या इन्सुलेशन टेपचे तीन वेढे मारले. जुलैत चोर्ला घाटाकडं एका ओढ्यात कमरेपर्यंत भिजलो. घरी येऊन उघडलं तर काड्यांचा लगदा आणि ब्लेडला गंज. टेप मात्र जागच्या जागी. दुसरी डबी कुठली घेऊ?"

डबीचं शेवटी बघू. आधी पाणी कुठनं आलं ते बघू, नाहीतर महागातली डबी घेऊनही पुढच्या जुलैत लगदाच निघेल.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. अठ्ठावीस वर्षं एकच भांडण सोडवतोय: तेल आत राहिलं पाहिजे, पाणी आणि धूळ बाहेर. रविवारी खानापूरच्या रानात भटकायची खोड आहे, त्यामुळं तेच भांडण खिशातही आलं. टेप हलली नव्हती हे तू म्हणतोस ते मला पटतं. पाण्याला टेप हलवायची गरजच नव्हती.

तुझी डबी पँटच्या खिशात होती, अंगाच्या उबेनं साधारण ३५ अंशांवर. ओढ्याचं पाणी धर २२ अंश. गरम आमटी भरलेला डबा निवला की झाकण कसं आत ओढल्यासारखं घट्ट बसतं? तेच झालं. १३ अंश उतरले की आतल्या हवेचा दाब चार टक्क्यांनी पडतो. १०० मिलीची डबी असेल तर ती भरपाई म्हणून चार मिली काहीतरी आत ओढायला बघते, आणि त्या घटकेला तिच्याभोवती नेमकं पाणी असतं. चार मिली म्हणजे चहाचा चमचा जवळजवळ भरला. पाणी आत घुसलं असं आपण म्हणतो खरं, पण डबीनंच ते पिऊन घेतलं.

घाटाचं गणितही असंच. कणकुंबी-चोर्ल्याचा माथा साधारण ८०० मीटरवर. तिथं झाकण लावून गोव्याच्या अंगाला खाली उतरलास की बाहेरचा दाब नऊ-दहा टक्क्यांनी वाढतो. डबी उतरताना सगळा वेळ आत श्वास घेत असते आणि पावसाळ्यात तो श्वास ओलाच असतो. पाण्याची बाटली वर रिकामी करून बूच घट्ट लावलं तर खाली गोव्यातल्या साखळी गावाला पोचेपर्यंत तिची गालफडं बसतात, ते बघितलंच असशील.

दुसरी वाट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओलावा तू स्वतःच्या हातानं आत भरला होतास. लोक हवेच्या दमटपणाला घाबरतात, पण २५ अंशांवर अगदी चिंब दमट हवा १०० मिली कोंडली तरी तिच्यात पाणी असतं दोन-सव्वादोन मिलीग्रॅम. एका थेंबाचा विसावा भागही नाही. कापूस, पुठ्ठा, काडीचं लाकूड, कागद ही मंडळी मात्र पावसाळ्यात आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी धरून बसतात आणि हाताला कोरडीच लागतात. असला दहा ग्रॅम माल डबीत गेला की एक ग्रॅम पाणी आत गेलं. हवेतल्या पाण्याच्या चारशे पट! रात्री पत्रा गार पडला की तेच पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला घाम होऊन धरतं आणि ब्लेडवर उतरतं. म्हणजे ओढ्यात पडला नसतास तरी गंज आलाच असता, फक्त सावकाश.

म्हणून किट भरायचा महिना फेब्रुवारी-मार्च. दुपारी असला सगळा माल ताटात पसरून उन्हात तापव आणि सावलीत निवेपर्यंतच थांबून लगेच बंद कर. जूनमध्ये आठवण झाली तर चुलीजवळ किंवा तवा उतरवल्यावर गॅसच्या शेगडीशेजारी तासभर ठेव. काड्या मात्र उन्हातच. शेगडीपाशी काड्या ठेवून एकानं ओटा काळा करून घेतला होता. नाव सांगत नाही, घरी अजून विषय निघतो.

बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकू का, असं पुढं विचारणार असशील तर टाक, पण तिला जादू समजू नकोस. एक ग्रॅमची पुडी पाव ग्रॅमच्या आसपास पाणी धरते. खोक्यातनं काढून चार दिवस टेबलावर पडली असेल तर तिचं पोट आधीच भरलेलं असतं. आतले दाणे मंद तव्यावर चांगले तापवून घे आणि गरम असतानाच नव्या कापडी पुडीत बांध. रंग बदलणारे निळे दाणे घेऊ नकोस, त्यांत कोबाल्ट असतं आणि औषधांशेजारी ते नको. तांदळाचे दाणे मिठाच्या बरणीत ठीक, इथं त्यांचा उपयोग मनाच्या समाधानापुरता.

तिसरी वाट म्हणजे तू स्वतः. किट लागतं कधी? पाऊस पडत असताना, हात ओले असताना, अंधारात. म्हणजे एवढ्या कष्टानं कोरडी ठेवलेली डबी तू पावसातच उघडणार. एक काडी काढायला झाकण उघडलं की बाकी सगळ्यावर पाऊस. म्हणून डबी वॉटरप्रूफ करायच्या नादाला मी लागत नाही. आतली प्रत्येक वस्तू आपापल्या कवचात कोरडी राहिली पाहिजे. डबीचं काम माल चेपू न देणं आणि एका जागी ठेवणं, बस. पुढचं सगळं सांगणं याच्यावर उभं आहे.

हे मी फजितीतनं शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही तिघं आमगावच्या बाजूला होतो. कर्नाटकातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांत आमगावचं नाव घेतात, आणि त्या दिवशी का घेतात ते कळलं. वाटेतला साकव पाण्याखाली गेला, अलीकडच्या पडक्या गोठ्यात रात्र काढायची वेळ आली. माझी डबी मात्र ऐटदार: कडेनं टेप, वर सिलिकॉनची रेघ, त्यावर परत टेप. थेंब गेला नव्हता आत. पण बोटं गारठून लाकूड झालेली, टेपचं टोक सापडेना, नख लागेना आणि टेप कापायचं ब्लेड डबीच्या आत! शेवटी दगडावर आपटून झाकण वाकडं केलं, ते उघडलं तेव्हा माल चिखलात. बरोबरच्या मित्रानं काडेपेटी दुधाच्या पिशवीत गुंडाळून बनियनमध्ये खोवली होती. त्याच्या काडीवर चहा झाला, आणि तो अजून ते विसरू देत नाही.

आता वस्तू एकेक. विस्तवापासून सुरुवात करतो, कारण पाण्याचं सगळ्यात जास्त भय त्यालाच.

आपल्या काडेपेटीत काडीआधी दगा देते ती बाजूची पट्टी. गूल पेटवणारा तांबडा फॉस्फरस त्या पट्टीवर असतो. पट्टी भिजून सोलली की कोरड्या काड्याही शोभेच्या. पट्टीचे दोन तुकडे कापून वेगळे सील कर. काड्यांची डोकी वितळलेल्या मेणबत्तीत बुडवतात, पण मेण थेट विस्तवावर वितळवू नकोस, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळव. बुडवून लगेच काढायचं. जाड थर बसला तर ओढताना पट्टीला मेण फासतं आणि काडी नुसती घसरते. मला स्वतःला नेलपॉलिश बरं वाटतं. पातळ थर, लवकर वाळतो, खिशातल्या उबेनं मऊ होत नाही. एवढं करूनही काड्या माझ्या किटमध्ये तिसऱ्या नंबरवर. पहिला नंबर साध्या लायटरचा. भिजला तरी फुंकून, चाक पँटवर दहा-वीस वेळा फिरवून ठिणगी परत येते. फक्त गॅसच्या बटणाखाली रबराचा तुकडा अडकव, नाहीतर खिशात दबून गॅस निघून जातो आणि वेळेला रिकामा लायटर हातात येतो. दुसरा नंबर ठिणगीच्या कांडीचा, म्हणजे पोलादाच्या पातीनं खरवडली की ठिणग्या पाडणाऱ्या फेरो रॉडचा. ती ओल्यात चालते हे खरं, पण ओल्यात ठेवलेली चालत नाही. पोलादाच्या पातीला चिकटून दमट डबीत पडली की वर्ष-दोन वर्षांत पांढरट भुगा होतो. तिलाही नेलपॉलिशचा हात दे आणि पातीपासून वेगळी ठेव.

पेटवण म्हणून नुसता कापूस ठेवू नकोस. त्यात व्हॅसलीन चांगलं मळून घे, मग तो पाण्यात पडला तरी बाहेरनंच ओला होतो आणि दोन-तीन मिनिटं सावकाश जळतो. सरबताच्या जाड नळीचा दोन इंचाचा तुकडा घे, कापूस काडीनं आत सरकव. दोन्ही टोकं चिमट्यात धरून लायटरनं वितळवून दाब. टोकाच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लागलं असेल तर प्लॅस्टिक चिकटत नाही, ते आधी पुसून घे. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी तर सीलसुद्धा मागत नाही. ओली असली तरी पेटते, धूर काळा, वास भयंकर, पण ओल्या काटक्यांना ऊब देते.

आणि कापूर! तो आपल्या देव्हाऱ्यातच असतो म्हणून कुणाला सुचत नाही. पाण्यात विरघळत नाही, भिजलेला पुसला की लगेच धरतो. खोड एकच, उघडा राहिला की उडून जातो. आई कापराच्या डबीत मिरे टाकायची, पण मिऱ्यांपेक्षा घट्ट सील खात्रीचं. वड्या एकेक करून प्लॅस्टिकमध्ये सील कर आणि औषधापासून लांब ठेव, नाहीतर सगळ्या किटला आरतीचा वास.

क्लोरीनच्या गोळ्यांवर माझा खास राग आहे, आणि तुझ्या ब्लेडची खरी गुन्हेगार तीच असावी असा संशय आहे. गोळीची पट्टी कापताना कात्री खळग्याच्या फार जवळनं गेली की फॉईलला चीर पडते. मग ओलावा लागला की गोळी क्लोरीन सोडते. गोळीतला दम जातो आणि शेजारच्या लोखंडाची वाट लागते. तुझ्या सुईचं टोकही तपासून बघ. गोळ्या कापताना चारी बाजूंनी मोकळी कड ठेव आणि त्या धातूबरोबर एका पुडीत कधीच घालू नकोस. बाकी औषधांनाही कडेचा हाच नियम. ओआरएसची पुडी कंपनीनं बंद केलेली असते तीच सगळ्यात भारी. ती फोडून थोडं थोडं भरायचा शहाणपणा करू नये.

टॉर्चमध्ये सेल आणि पत्ती यांच्यामध्ये प्लॅस्टिकची चकती घाल, ओल आली तरी सेल उतरत नाही. ब्लेड आणि सुईला मशीनच्या तेलाचा हात. कागदावर पेनानं लिहू नकोस, शाई पसरते. शिसपेन्सिलीचं अक्षर भिजून वाळलं तरी वाचता येतं. नाव, रक्तगट, घरचा नंबर हे मराठी आणि कन्नड दोन्हींत लिही. आपल्याला शोधणारा फॉरेस्ट गार्ड किंवा बसचा कंडक्टर कुठली अक्षरं आधी वाचेल हे सांगता येत नाही. इथं निदान पाटीवरनं भांडण नको.

पिशव्यांचं सांगतो. झिपच्या पिशव्या मी वापरतो, पण विश्वासानं नाही. झिपमध्ये कापसाचा एक धागा अडकला की पाण्याला हमरस्ता. खिशात रोज त्याच घडीवर मुडपून कोपऱ्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, ती दिसत नाहीत. त्यापेक्षा गल्लीतल्या फरसाणवाल्याकडं जा. चिवड्याची पिशवी पट्टी गरम करून बंद करायचं मशीन त्याच्याकडं असतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना दहा पिशव्या बंद करून देईल, फारतर पाव किलो शेव घ्यावी लागेल. जाड प्लॅस्टिक ने, आतली हवा दाबून काढ आणि अर्ध्या बोटाच्या अंतरानं दोन सील मारायला सांग. सीलच्या बाहेरच्या कडेला कात्रीनं छोटी खाच ठेव. माझ्या गोठ्यातल्या रात्रीचं सगळं शहाणपण त्या एका खाचेत आहे. गारठलेल्या बोटांनी गुळगुळीत पिशवी फाटत नाही, खाच असली की दातानंही फाटते.

आता तुझा मूळ प्रश्न, डबी. बिजागरीची पत्र्याची डबी सोडून दे. बिजागरीसाठी पत्रा कापलेला असतो, तिथं भोकं असतातच. एम-सील भरून ती बुजतात, पण दहा-वीस वेळा उघडझाप केली की परत तडा. चारी बाजूंनी खटके आणि आत रबराची कड असलेली प्लॅस्टिकची डबी चालते; बघायचं एवढंच, की कडेचं रबर उचलून धुता येतं का. गोल आणि आट्यांच्या झाकणाची डबी चौकोनी डबीपेक्षा केव्हाही बरी. वर्तुळावर दाब सगळीकडं सारखा बसतो, चौकोनात कोपरे ढिले राहतात. कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या मिळायच्या तेव्हा मी त्याच वापरायचो. आता माझी आवडती म्हणजे कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्रीफॉर्म, म्हणजे बाटली फुगवायच्या आधीची जाड नळी. दिसायला परीक्षानळी, पण भिंत जाड आणि बूच गॅसचा दाब धरायलाच बनवलेलं. पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर चहाच्या पैशात चार मिळतील. एकीत विस्तव, दुसरीत औषध, असं वाटून ठेवतो.

रबराच्या रिंगबद्दल मात्र मला थोडं बोलू दे, हा माझा धंदा आहे. ओ-रिंग पाणी अडवते ती दबल्यामुळं. तिची जाडी साधारण पंधरा ते पंचवीस टक्के दबली पाहिजे. कमी दबली तर गळते, जास्त आवळली तर चपटी होऊन मरते. झाकण जोर लावून पिळणारी माणसं रिंग लवकर मारतात. आणि वर्कशॉपला येणाऱ्या गळतीत रिंग फाटलेली क्वचित असते, बसायच्या जागी केस, वाळू, वेल्डिंगचा कण असलं काहीतरी सापडतं. म्हणून बंद करायच्या आधी खाच आणि रिंग दोन्ही बोटानं पुसायच्या. वर सिलिकॉन ग्रीसचं नुसतं तुकतुकीत बोट फिरवायचं. ते घरचे पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडं मिळतं. व्हॅसलीन लावू नकोस, काही जातींचं रबर त्यानं फुगून सैल पडतं.

टेपच्या जागी ट्यूबच वापर. स्कूटरच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद आडवी चकती काप आणि झाकणाच्या सांध्यावर ताणून बसव. ओल्या हातानं सरकवता येते, परत बसते, आणि अगदीच वेळ आली तर जाळता येते. इन्सुलेशन टेप विजेच्या तारेसाठी बनलीय. ताणून लावली की ती हळूहळू परत आखडते, उन्हात गोंद पातळ होऊन सरकतो आणि ओल्या पत्र्यावर दुसऱ्यांदा चिकटतच नाही. पंक्चरवाल्याकडं पाच-दहा रुपयांत जुनी अख्खी ट्यूब मिळते.

त्याच्याकडचीच एक युक्ती तपासायला घे. रिकामी डबी बंद करून, हाताला चटका बसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून धर. आतली हवा फुगते आणि जिथं गळती आहे तिथनं बुडबुडे येतात. खुणेला पेनचा ठिपका दे. ही झाली बाहेर जाणाऱ्या हवेची परीक्षा. ओढ्यात उलटं होतं, म्हणून दुसरीही घे. डबी पुसून उन्हात तापव, आत चार चिरमुरे टाक, बंद कर आणि अर्धा तास विहिरीच्या गार पाण्यात बुडवून ठेव, वर दगड. काढून चिरमुरे चावून बघ. पाण्याचा थेंब डोळ्याला दिसला नाही तरी सादळलेला चिरमुरा जिभेला लगेच कळतो. घरी कपाटात ठेवलेल्या किटचीही हीच परीक्षा मी दर दोन महिन्यांनी घेतो. सिलिकाच्या रंगापेक्षा चिरमुऱ्यावर माझा विश्वास जास्त.

दुकानातल्या डबीवर आयपी ६७ लिहिलेलं दिसेल. एक मीटर खोल शांत पाण्यात अर्धा तास, एवढीच त्याची हमी. वाहत्या पाण्यात दगडावर आपटल्यावर किंवा रिंगमध्ये वाळूचा कण असताना काय होईल, हे तो आकडा सांगत नाही.

आणि डबी होती कुठं? पँटच्या खिशात. कमरेपर्यंत भिजणाऱ्या माणसाची सगळ्यात आधी भिजणारी जागा. तळेवाडीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या मामांना मी एकदा विस्तव मागितला. दुपारपासून पाऊस, अंगावर गोणपाटाची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यांनी टोपी उचलली, आतनं दुधाच्या पिशवीची घडी काढली, तिच्यात काडेपेटी, कुरकुरीत कोरडी. "डोस्कं बुडालं तर काडी कशाला पायजे गा?" म्हणाले. तेव्हापासून माझ्या दोन्ही नळ्या शर्टाच्या छातीच्या खिशात असतात, दोरीनं काजाला बांधून. ओढा गुडघ्याच्या वर दिसला तर मी ओलांडत नाही, अलीकडंच बसतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय ओढ्यापर्यंत जायचाही प्रश्न येत नाही.

तुझं ब्लेड टाकून दे. टॉर्चचा सेल काढून पत्तीवर हिरवट थर आहे का बघ. असेल तर बारीक पॉलिशपेपरनं घासून नवा सेल घाल, बहुतेक पेटेल.